एक्स्टेंडेड वॉरंटी आणि ‘झीज’ : नेमकं मिळतं काय?

सावकाश_जा
गाडीची मूळ वॉरंटी संपत आली आहे. शोरूममधून सारखे फोन : “सर, एक्स्टेंडेड घेऊन टाका, मग टेन्शनच नाही.” म्हटलं, घ्यायच्या आधी कागद तरी वाचू. वाचला आणि तिथून टेन्शन सुरू झालं.

काय मिळतं त्याची यादी एका पानात आटोपते. काय मिळत नाही ती मग सुरू होते आणि संपता संपत नाही. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, टायर, बॅटरी, फिल्टर, बल्ब, बेल्ट, होज, बुश. इथपर्यंत ठीक. पण त्याखाली एक ओळ आहे, ‘सर्वसाधारण वापरातून झीज झालेला कोणताही भाग’. कोणताही! अहो, इंजिनातल्या पिस्टन रिंगासुद्धा वापरातूनच झिजतात. न वापरता बिघडणारा भाग गाडीत असतो तरी कुठला?

तर प्रश्न असा : झीज कुठे संपते आणि बिघाड कुठे सुरू होतो, आणि हे ठरवतं कोण? ज्यांचे क्लेम पास झाले, ज्यांचे नाकारले, आणि वर्कशॉपमधलं कुणी इथे असेल तर त्यांनीही लिहा. घ्यावी की नाही हे नंतर बघू.

खोडसाळ
रेघ सर्व्हिस ॲडव्हायझर मारतो. पेन्सिलीने.

अण्णा_स्टेपनी
एवढं अवघड काय आहे त्यात? चपलेची टाच घासली तर झीज, अंगठा तुटला तर दोष. दुकानदारालाही कळतं.

शंकेखोर
अण्णा, टाच घासली म्हणून पाय घसरला आणि त्यात अंगठा तुटला तर?

अण्णा_स्टेपनी
तर अनवाणी चालायचं.

तेलकट_हात
वर्कशॉपमधलाच आहे. क्लेमचे फोटो काढून वर पाठवायचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून लिहितो.

खोडसाळ, ॲडव्हायझरच्या हातात पेन्सिलही नसते हो. तो फोटो, मोजमापं, स्कॅनरचा रिपोर्ट आणि सर्व्हिसचा इतिहास पाठवतो. निर्णय वर होतो, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या वॉरंटी विभागात, नाहीतर ज्यांच्याकडून कव्हर घेतलंय त्यांच्याकडे. ‘आम्ही बघतो साहेब’ एवढंच तो बोलू शकतो, आणि शिव्या मात्र त्यालाच.

धागाकर्त्यांचा पिस्टन रिंगांचा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच ‘झिजला का’ असा नुसता प्रश्न कुणी विचारत नाही. आधी बघतात की हा भाग ठरावीक काळाने बदलायचाच म्हणून बनवलाय का. तसा असेल तर विषय तिथेच मिटला. नसेल तर तो हळूहळू गेला की अचानक, आणि अचानक गेला तर कशामुळे.

क्लचचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावर. गिअरबॉक्स खाली उतरवला की प्लेट हातात येते. अस्तर घासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आलं असेल तर प्लेटने आपलं आयुष्य जगून घेतलं. फ्लायव्हीलवर निळसर डाग दिसले की ती तापलीय, म्हणजे बहुधा हाफ क्लचवर, पेडल अर्धवट दाबून, चालवलीय. दोन्हीत क्लेम नाही. पण अस्तर चांगलं जाड शिल्लक आहे आणि मधली डॅम्पर स्प्रिंग तुटून खोबणीतून बाहेर आलीय, असंही बघितलंय. ती झीज नव्हे. मूळ वॉरंटीत अशी केस आम्ही पाठवायचो आणि ती पास व्हायची. एक्स्टेंडेडमध्ये मात्र बहुतेक कागदांत ‘क्लच प्लेट’ हे नावच वगळलेलं असतं. मग स्प्रिंग तुटो नाहीतर प्लेटचे दोन तुकडे होवोत.

कागदीघोडे
तेलकट_हात यांच्या शेवटच्या दोन वाक्यांत सगळं आलं. माझा संबंध गाडीशी कमी आणि करारांशी जास्त, म्हणून त्या बाजूने लिहितो.

वगळणं दोन प्रकारचं असतं. काही भाग नावाने वगळलेले असतात : पॅड, क्लच प्लेट, टायर. तिथे वाद घालून घसा कोरडा करू नये. काही गोष्टी कारणाने वगळलेल्या असतात : झीज, देखभालीत हयगय, चुकीचं इंधन, गाडीत केलेले बदल, अपघात, पाणी शिरणं. इथे भाग तुमच्या यादीत असतो, पण कारण दाखवून नाही म्हणतात. वाद घालायला जागा आहे ती इथेच. ‘झीज’ असं लेखी उत्तर आलं तर विचारा, कोणत्या मापावरून? किती शिल्लक होतं, किती असायला हवं होतं?

दुसरं, प्लॅनची जात बघा. काहींमध्ये ‘यादीत आहे तेवढंच मिळेल’, काहींमध्ये ‘यादीत आहे ते सोडून सगळं मिळेल’. विकताना दोन्हींना ‘फुल कव्हर’च म्हणतात. पहिल्या प्रकारात भागाचं नाव यादीत शोधायची जबाबदारी तुमची, दुसऱ्यात वगळलेलं दाखवायची त्यांची. फरक मोठा आहे.

आणि शंकेखोर यांनी गमतीत विचारलं खरं, पण सगळ्यात मोठे क्लेम तिथेच अडकतात. कागदात ‘परिणामी नुकसान’ शोधा. कूलंटचा रबरी होज वगळलेला असतो. तो फुटला, कूलंट वाहून गेलं, इंजिन तापलं, हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं, त्याखालचं गॅस्केट उडालं. हेड आणि गॅस्केट दोन्ही यादीत आहेत, पण सुरुवात होजपासून झाली म्हणून बहुतेक करारांत काहीच मिळत नाही. हेच जर वॉटर पंपापासून सुरू झालं असतं आणि पंप यादीत असता, तर हेडचाही खर्च निघण्याची शक्यता होती.

हाफक्लच
माझ्या आयडीवरून क्लेम नाकारणार नाहीत ना?

तेलकट_हात
@हाफक्लच, स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय. 🙂

कागदीघोडे, थोडी भर. पंप गेला तरी तापमानाचा काटा लाल झाल्यावर गाडी पुढे दामटली असेल तर पंप देतात, हेड देत नाहीत. आणि ‘लगेच थांबवली हो’ म्हणून भागत नाही. फॉल्ट कोड पडतो त्या क्षणी इंजिनाचा वेग, लोड, कूलंटचं तापमान ईसीयूमध्ये, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये, नोंदलं जातं. कित्येक गाड्यांत किलोमीटरही. कोड पडला तेव्हाचे किलोमीटर आणि टो करून आणली तेव्हाचे किलोमीटर यांची वजाबाकी कुणालाही येते.

वळणावळणाने
माझा क्लेम अर्धा पास झाला होता. त्यातून कामाचं काही मिळेल म्हणून लिहिते.

एके सकाळी क्लचचं पेडल दाबलं ते वर आलंच नाही. पायाने उचलून वर घ्यावं लागलं. वर्कशॉपने सांगितलं, स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणारा) गळलाय. माझ्या गाडीत तो बाहेर नसून गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या भागात आत, शाफ्टभोवती बसवलेला आहे. गळलेलं तेल सरळ क्लच प्लेटवर. सिलिंडर मंजूर, प्लेट नामंजूर, कारण प्लेट नावाने वगळलेली (तेव्हा हे ‘नावाने-कारणाने’ माहीत नव्हतं, आता कळलं!).

पण बिल आलं तेव्हा त्यात गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरी पूर्ण माझ्या नावावर. मी विचारलं, सिलिंडर बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागलाच असता ना? मग ती मजुरी सिलिंडरच्या क्लेममध्ये का नाही? ॲडव्हायझरने डोकं खाजवलं, आत गेला, बाहेर आला आणि मजुरी काढून टाकली. मी फक्त प्लेटचे पैसे दिले. क्लचमध्ये खरा खर्च त्या उतरवण्या-चढवण्याचाच असतो, तेव्हा बिल ओळ न ओळ वाचा.

अण्णा_स्टेपनी
ताई, जबरदस्त. मी असतो तर बिल न बघता सही करून आलो असतो.

जुनाट_मॉडेल
हे सगळं वाचून एकच वाटतं : लूट आहे. जे बिघडतं ते वगळायचं आणि जे कधी बिघडत नाही त्याचे पैसे घ्यायचे. तेवढेच पैसे बाजूला टाका, आपलीच वॉरंटी आपण.

कागदीघोडे
जुनाट_मॉडेल, अर्धवट सहमत. पॅड आणि टायर प्रत्येकाचे झिजतात, नक्की झिजतात. जे नक्की होणार त्याचं कव्हर देणं म्हणजे तुमचेच पैसे आधी घेऊन, वर आपला नफा लावून परत देणं. ते वगळलंय म्हणून राग नाही. राग येतो तो ‘कोणताही भाग’ या ओळीचा. काही ठिकाणी झिजेचं कव्हरही विकतात, पण ठरावीक किलोमीटरपर्यंतच, पुढे नाही.

गिअर_बदला
पैसे बाजूला टाकण्याचा सल्ला साध्या पेट्रोल मॅन्युअल गाडीला ठीक. टर्बो, ऑटोमॅटिक, मोठा टचस्क्रीन, कॅमेरे, रडार असं सगळं असेल तर एकेक सुटा भागच डोळे पांढरे करतो. माझ्या ड्युअल क्लच ऑटोमॅटिकची मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा तिचा मेंदू, कव्हरमध्येच बदलून मिळाली. तेव्हा सरसकट लूट म्हणू नका.

मात्र एक ध्यानात घ्या. ड्राय ड्युअल क्लचमध्ये मॅन्युअलसारखंच घासणारं अस्तर असतं, त्यामुळे ‘ऑटोमॅटिक आहे, क्लचचा प्रश्नच नाही’ असं समजून सही करू नका. कागदात गिअरबॉक्स ‘आत’ आणि क्लच पॅक ‘बाहेर’ असं असू शकतं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकला इंजिनाच्या बाजूला तशी प्लेट नसते, तिथे हा वाद निघत नाही.

खोडसाळ
अवांतर : वायरिंग उंदरांनी कुरतडलं तर ती झीज की बिघाड? आमच्याकडे दोघांचंही म्हणणं ‘आमच्याकडे नाही’.

तेलकट_हात
ती ना झीज ना बिघाड, बाहेरून झालेलं नुकसान. वॉरंटीत नाही. विम्याच्या पॉलिसीत बघा, काहींत मिळतं. इंजिनात पाणी ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो तोही विम्याचाच विषय, तोही वेगळं ॲड-ऑन घेतलं असेल तर. आणि बाहेरून जास्तीचे दिवे किंवा हॉर्न लावताना मूळ वायर कापून जोड मारला असेल, तर पुढे त्या सर्किटमधलं काहीही गेलं की बोट त्या जोडाकडेच.

शंकेखोर
शॉक ॲब्सॉर्बरचं कुणी सांगा. माझ्या कागदात ते ना मिळण्याच्या यादीत, ना वगळलेल्यात. पुढचा डावा ओला दिसतोय. विचारलं तर म्हणे, “घाम आलाय, गळती नाही.” शॉक ॲब्सॉर्बरला घाम?

तेलकट_हात
येतो हो. दांडा वर-खाली होताना सीलमधून तेलाचा पातळ थर बाहेर येणं हे त्याचं कामच आहे, सील ओलं राहावं म्हणून. वरच्या भागात धूळ चिकटून काळपट मऊ पट्टा दिसतो, बोट लावलं तर मळतं पण थेंब धरत नाही. तो घाम. तेलाचा ओघळ खालपर्यंत, स्प्रिंगच्या बशीत किंवा खालच्या टोकाशी ओलं, आणि गाडी खड्ड्यातून निघाल्यावर डोलतच राहते, ती गळती. पुसून कोरडा करा, काही दिवस चालवा, परत बघा. ओघळ पुन्हा आला तर फोटोसकट जॉबकार्डवर लिहून घ्या.

झीज-बिघाडाचा गोंधळ सगळ्यात जास्त कुठे असेल तर सस्पेन्शनमध्ये. ब्रेक पॅडला माप आहे, अस्तर साधारण ३ मिमीवर आलं की बदला. टायरला आहे, खाच १.६ मिमी उरली की संपला. बुशला काय माप? लिफ्टवर गाडी घेऊन पहार घालून हलवायची आणि अंदाज बांधायचा. माझा अंदाज वेगळा, वरच्या साहेबाचा वेगळा, तोही फोटो बघून. बेअरिंगचा आवाजही तसाच. ६० च्या वर गेलं की ‘हुंऽऽ’ येतो, वळणावर बदलतो, पण फोटोत आवाज येत नाही.

इलेक्ट्रिक_पाखरू
या मापाच्या मुद्द्यावरून आठवलं. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरीही वापरातून झिजतेच, पण तिथे भांडण कमी. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी देतात आणि क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर दुरुस्त किंवा बदलून देऊ असं लिहितात. ७१ असेल तर झीज, ६९ असेल तर क्लेम. कुणाच्या अंदाजावर काही नाही. आकडा लिहिला की रेघ आपोआप पडते.

शंकेखोर
आणि गाडी ७१ टक्क्यांवर असताना मुदत संपली तर?

इलेक्ट्रिक_पाखरू
तर अण्णांच्या चपला.

डिझेलदास
आकडा लिहिला म्हणून ग्राहकाचं भलंच होतं असं नाही हं. माझी गाडी तेल पिते. तक्रार केली तर उत्तर : कंपनीच्या मर्यादेत आहे. काही कंपन्या १००० किमीला अर्धा लिटर, काही तर एक लिटरपर्यंत तेल खाणं नॉर्मल धरतात! म्हणजे दोन सर्व्हिसच्या मध्ये अख्खा सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) रिकामा झाला तरी इंजिन ठणठणीत.

तेलकट_हात
@डिझेलदास, मग तेल खाण्याची चाचणी मागा, तोंडी वाद घालू नका. तेल वरच्या खुणेपर्यंत भरून झाकणाला आणि ड्रेन प्लगला सील लावतात, ठरावीक किलोमीटर चालवून परत आणायची आणि किती कमी झालं ते मोजायचं. मर्यादेच्या वर गेलं तर केस उभी राहते. मर्यादेत असलं तरी तो कागद जपून ठेवा. पुढच्या वर्षी खप वाढला तर तुलना करायला हाच उपयोगी.

डिझेल आहे म्हणून सांगतो, ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने तुंबणं बहुतेक ठिकाणी ‘साफसफाई’त धरतात, बिघाडात नाही. ईजीआरची मोटर जळली तर ती वेगळी गोष्ट. इंजेक्टरचंही तसंच. आत पाणी किंवा कचरा सापडला की इंधनावर ढकलतात, म्हणून डिझेल भरल्याच्या पावत्या फेकू नका.

मधलीलेन
टायमिंग बेल्ट की चेन, यानेही फरक पडतो का?

गिअर_बदला
पडतो की. बेल्ट वेळापत्रकात बदलायचा भाग, म्हणून वगळलेला. वेळ उलटून गेल्यावर तुटला आणि व्हॉल्व्ह वाकले तर सगळं तुमच्या खिशातून. चेन सहसा इंजिनाच्या आयुष्यभरासाठी धरलेली असते, म्हणून ती किंवा तिचा टेन्शनर गेला तर क्लेमला जागा असते. फक्त ऑइल वेळेवर बदलल्याच्या नोंदी हव्यात. हेड उघडल्यावर आत काळा डांबरासारखा गाळ दिसला तर चेन बाजूलाच राहते.

सावकाश_जा
बापरे, एका ओळीच्या प्रश्नाला एवढं! सगळ्यांचे आभार, विशेषतः तेलकट_हात आणि कागदीघोडे.

आज शोरूममध्ये जाऊन बसलो. सेल्सवाल्याला म्हटलं, शॉक ॲब्सॉर्बर, व्हील बेअरिंग, स्टीअरिंग रॅक, एसी कॉम्प्रेसर आणि टर्बो, ही पाच नावं घ्या आणि प्रत्येकापुढे मिळतं की नाही ते ईमेलवर लिहून पाठवा. तोंडी सगळ्यांना ‘हो’ होतं. ईमेलमध्ये शॉक ॲब्सॉर्बरपुढे ‘उत्पादन दोष असल्यास’ आलं आणि बेअरिंगपुढे ‘तपासणीअंती’. बाकी तिन्हींना हो. प्लॅन ‘यादीत आहे तेवढंच’ या जातीचा निघाला.

दोन शंका उरल्यात. उघडून बघितल्याशिवाय कारण कळत नाही, आणि उघडल्यावर क्लेम नाकारला तर उघडण्याची मजुरी कुणाची? आणि बाहेर सर्व्हिसिंग केलेलं चालतं का?

कागदीघोडे
उघडण्याची मजुरी : नाकारला तर बहुतेक करारांत तुमची. म्हणून उघडण्याआधी त्या मजुरीचा अंदाज लेखी घ्या आणि मगच सही करा. मंजुरी येण्याआधी दुरुस्ती सुरू करू देऊ नका. पार्ट बदलून झाल्यावर मागितलेला क्लेम टिकत नाही. जुना पार्टही निर्णय होईपर्यंत वर्कशॉपमध्येच ठेवायला सांगा.

बाहेर सर्व्हिसिंग : प्लॅनवर अवलंबून. काही अधिकृत वर्कशॉपचाच शिक्का मागतात, काहींना वेळापत्रक पाळल्याच्या आणि योग्य ग्रेडचं ऑइल घातल्याच्या पावत्या पुरतात. तारीख आणि किलोमीटर पावतीवर नसतील तर ती पावती असून नसल्यासारखी.

तेलकट_हात
सावकाश_जा, तुम्ही घ्या किंवा नका घेऊ, पण मूळ वॉरंटी संपायच्या आत गाडी एकदा लिफ्टवर चढवून घ्या. मूळ वॉरंटीत जे मिळतं त्यातलं बरंच एक्स्टेंडेडमध्ये वगळलेलं असतं. बेअरिंगचा बारीक आवाज, ऑइल सीलची ओल, स्टीअरिंगची खटखट, जे असेल ते आत्ताच जॉबकार्डवर चढवा. आत्ता नोंद केली नाही आणि एक्स्टेंडेड सुरू झाल्यावर महिन्यात गेलात, तर ‘हा दोष आधीपासूनचा’ म्हणून परत पाठवतील.

जुनाट_मॉडेल
हे मात्र पटलं. लूट आहे हे मत कायम, पण लिफ्टवर चढवून घेतो.

वळणावळणाने
गाडी मध्येच विकली तर कव्हर नव्या मालकाकडे जातं का, हेही ईमेलमध्ये विचारून घ्या. काहींत जातं, पण विक्रीनंतर ठरावीक दिवसांत कळवावं लागतं. आधीच रद्द केलं तर उरलेल्या मुदतीचे पैसे मिळतात का तेही.

मधलीलेन
माझ्या सनरूफमधून पाणी टपकतंय. वॉरंटीत बसेल का?

खोडसाळ
सनरूफचा वेगळा धागा काढा, त्यात पावसाळा लागतो.

तेलकट_हात
@मधलीलेन, काच सरकवणारी मोटर बहुतेकदा आत, कडेचं रबर बाहेर. पण आधी चारी कोपऱ्यांतल्या पाणी जायच्या नळ्या बघा, पाल्याने तुंबल्या असतील. हवेचा प्रेशर जोरात मारू नका, आतल्या आत नळी निसटते आणि मग छताचं कापड उतरवावं लागतं.